आठ गळे, पंचवीस मिनिटं

चर्चगेटहून सुटलेली फास्ट लोकल, लेडीज डबा, खिडकीची सीट (हो, मिळाली!) आणि कानात हेडफोन. प्ले केलं, तर गाणं सुरू व्हायच्या ऐवजी एक बाई बोलायलाच लागली. मग दुसरी. मग एक माणूस. डावीकडून, उजवीकडून, एकमेकांच्या अंगावर चढून. मला वाटलं, मध्येच अ‍ॅड लागली. फोन काढून बघते तर नाही, हेच ते. तेवढ्यात त्या सगळ्या बडबडीतून आठही गळे एकदम एका कॉर्डवर येऊन थडकले. दादर कधी गेलं, कळलंच नाही.

याला क्लासिकल म्हणायचं? म्हणायचं. ‘पार्टिता फॉर एट व्हॉइसेस’ नावाच्या या तुकड्याला २०१३ साली संगीताचं पुलित्झर मिळालं. कंपोझर कॅरोलाइन शॉ तेव्हा तीस वर्षांची होती. १९४३ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची ती सगळ्यात तरुण मानकरी ठरली. गंमत म्हणजे पन्नास डॉलर फी भरून एन्ट्री तिने स्वतःच पाठवली होती, निदान परीक्षक तरी आमच्या ग्रुपला ऐकतील म्हणून!

हा ग्रुप म्हणजे ‘रूमफुल ऑफ टीथ’. खोलीभर दात. नाव असं आणि उद्योगही तसाच. ब्रॅड वेल्स यांनी २००९ मध्ये आठ गायकांना एकत्र आणलं आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये नॉर्थ अ‍ॅडम्स या छोट्या गावात उन्हाळी मुक्काम ठोकला. जगातली माणसं गळ्यातून काय काय काढतात ते शिकायचं, एवढाच फंडा. एकाच गळ्यातून दोन सूर काढणारं तुवाचं गाणं, योडलिंग, कोरियाचं पानसोरी, आपलं हिंदुस्थानी संगीतसुद्धा. त्या-त्या विद्येची जाणकार मंडळी बोलवायची आणि समोर बसून शिकायचं. आपल्या भाषेत, तालीम.

शॉ या आठांपैकीच एक. मूळची व्हायोलिनवाली, आईकडे दोन वर्षांची असताना शिकायला लागलेली. ‘पार्टिता’ तिने २००९ पासून तीन उन्हाळ्यांत लिहिली, आणि आधी शेवटचा भाग! इथेच खरी मेख आहे. एरवी कॉयरसाठी लिहिणारा कंपोझर अनोळखी माणसांसाठी लिहीत असतो. वरच्या पट्टीतल्या बायका सोप्रानो, खालच्या आल्टो. पुरुषांत टेनर आणि बेस. चार ओळी आखायच्या, त्यात सूर भरायचे आणि उद्या कुठल्याही गावातल्या मंडळींना ते गाता यावेत अशी आशा धरायची. शॉ मात्र रोज शेजारी उभ्या राहणाऱ्या सात जणांसाठी लिहीत होती. याचा खर्ज कुठपर्यंत उतरतो, हिचा आवाज कुठे फाटतो आणि फाटताना किती छान वाटतो, हे तिला ठाऊक होतं.

शिवाय गळा म्हणजे पियानो नव्हे. त्याला श्वास लागतो. लांबलचक सूर धरायचा असेल तर गाणाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी गुपचूप श्वास घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला फट कळत नाही. कंपोझरने हे कागदावरच ओळखायचं असतं. ‘आ’वर जो सूर सहज चढतो तो ‘ई’वर अडतो, आणि ‘स’ हे व्यंजन आठ जणांनी पुढेमागे म्हटलं तर सापाचं वारूळ फुटल्यासारखं वाटतं.

आणि सुरुवातीची ती बडबड? नॉर्थ अ‍ॅडम्समध्ये कापड छपाईचा एक जुना कारखाना आहे. त्याचं १९९९ मध्ये ‘मास मोका’ हे आर्ट म्युझियम झालं. (आपल्या गिरण्यांचे मॉल झाले, असो.) तिथे सोल लेविट या चित्रकाराची भिंतचित्रं आहेत. लेविट फक्त सूचना लिहायचा. रेघा दुसरेच कोणीतरी मारायचे. कुठला बिंदू कुठे, कुठली रेघ कुठून कुठे, अशा त्या कोरड्या ऑफिशियल सूचना शॉने उचलल्या, त्यात लोकनृत्यात पुकारल्या जाणाऱ्या सूचना मिसळल्या आणि गायकांच्या तोंडी घातल्या. नाहीतरी म्युझिकचा स्कोअर म्हणजे तरी काय, दुसऱ्याने पाळायच्या सूचनाच की!

इथपर्यंत सगळं सॉलिड. पण २०१९ मध्ये इनुइट गायिका तान्या तगाक हिने जाहीरपणे विचारलं: तुमच्या गाण्यात आमचं कतज्जाक आहे, मग आमची माणसं कुठे आहेत? कतज्जाक म्हणजे उत्तर कॅनडातल्या बायकांचा खेळ. दोघी समोरासमोर उभ्या राहून श्वासावर श्वास टाकत घशातून आवाज काढतात. जी आधी हसली ती हरली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी कित्येक दशकं हा खेळ दडपला होता. ‘पार्टिता’चा तिसरा भाग त्याच श्वासांवर उभा आहे. ग्रुपचं म्हणणं, आम्ही इनुइट शिक्षकांकडून रीतसर शिकलो, मानधनही दिलं. पण श्रेय ठळकपणे द्यायला हवं होतं, हेही त्यांनी मान्य केलं.

घराण्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणारी माणसं आपण. मला तगाकचं पटतं. फी दिली म्हणजे हिशेब संपला, हे गुरूच्या बाबतीत आपल्याकडेही कोणी मानत नाही. आणि तरीही तो तिसरा भाग मी स्किप करू शकत नाही. काय करता?

पोटापाण्याचा प्रश्न वेगळाच. या संगीताला ऑर्डर देणारा कोणीतरी लागतो: कॉयर, फेस्टिव्हल, फाउंडेशन. आपल्या मुंबईत वनराज भाटियांचं बघा ना. लंडनची रॉयल अकॅडमी, मग पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिक्षण; आणि परत आल्यावर जाहिरातींच्या जिंगल्स आणि ‘अंकुर’पासूनचे सिनेमे. सिनेमांचं संगीत थोरच, पण त्यांचं पाश्चात्त्य धाटणीचं चेंबर म्युझिक आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मे २०२१ मध्ये ते गेले.

शॉला पुलित्झरनंतर ऑर्डरी मिळत गेल्या. फिलाडेल्फियाच्या ‘द क्रॉसिंग’ या कॉयरने २०१६ मध्ये सात कंपोझर्सना बुक्स्टहूडच्या १६८० सालच्या सात कँटाटांना उत्तर लिहायला सांगितलं. मूळ रचना येशूच्या शरीरावरच्या: पाय, गुडघे, हात... शॉच्या वाट्याला हात आले. तिने ‘टू द हँड्स’ लिहिलं, कॉयर आणि पाच तंतुवाद्यांसाठी. त्यात एके ठिकाणी शब्द संपतात आणि कॉयर नुसते आकडे म्हणू लागतो. घरदार सोडून आपल्याच देशात परागंदा झालेल्या माणसांचे, देशादेशांतले. आकड्यामागून आकडा, एकमेकांवर चढत. मी तो भाग ऐकला तेव्हा गाडी अंधेरीला थांबली होती. उतरायचं होतं, पण पुढच्या स्टेशनला उतरून परत आले.