गाडीतला ऐब आणि न पोहोचलेला निरोप

कोकणातल्या आपल्या घरांत गाडी बऱ्याचदा एकाच्या पैशाने येते, दुसऱ्याच्या नावावर असते आणि तिसराच ती चालवतो. पैसे दुबईहून किंवा दम्मामहून आलेले असतात, आरसी बुकावर मुंबईत राहणाऱ्या मामूंचे नाव असते आणि स्टिअरिंगवर गावातला धाकटा भाऊ किंवा ओळखीचा ड्रायव्हर. दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचून पाहाव्यात. रत्नागिरीच्या एमएच-०८ च्या जोडीला मुंबईची एमएच-०१, ठाण्याची एमएच-०४, नव्या मुंबईची एमएच-४३ हमखास दिसते. त्यातल्या कित्येक गाड्या दोन-तीन हात फिरून इथे आलेल्या असतात.

यात गैर काही नाही. पण अशा गाडीत कारखान्यातच राहिलेला दोष पुढे उघडकीला आला आणि कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तर तो निरोप कोणाला मिळणार? कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव आणि मोबाईल नंबर आहे त्याला. त्या गाडीत रोज मुलांना बसवणाऱ्या माणसाला तो मिळेलच असे नाही.

रिकॉल म्हणजे काय?

एकाच पद्धतीने बनलेल्या अनेक गाड्यांत एकच दोष आढळला, की कंपनी त्या गाड्या सर्व्हिस सेंटरवर बोलावते, संशयित भाग तपासते आणि गरज असेल तर फुकट बदलून देते. याला ‘रिकॉल’ म्हणतात. गाडी कायमची काढून घेतली जात नाही. रिकॉल गाडीच्या चॅसी नंबरला लागू असतो, पहिल्या मालकाच्या नावाला नव्हे. म्हणून जुनी विकत घेतलेली गाडीही त्यात येते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. २०२१ च्या जुलैमध्ये महिंद्रा कंपनीने नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात आलेल्या इंधनात भेसळ होती आणि त्यामुळे इंजिनाचे भाग वेळेआधी झिजण्याची शंका होती. गाड्या २१ जून ते २ जुलै या बारा दिवसांत बनलेल्या. म्हणजे १५ जूनला बनलेली गाडी निर्धास्त आणि २५ जूनला बनलेली संशयित. बाहेरून दोन्ही सारख्याच. याच कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत १,५७७ डिझेल थार गाड्या बोलावल्या होत्या. तिथे इंजिनातला कॅमशाफ्ट सदोष निघाला होता.

मारुतीने २०२० च्या जुलैमध्ये १,३४,८८५ वॅगन-आर आणि बलेनो गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या. हा पंप निकामी झाला तर चालती गाडी जागीच बंद पडू शकते. सपाट रस्त्यावर हा त्रास असतो. खेडच्या पुढे घाटात, मागे ट्रक असताना, तो जिवावरचा प्रसंग होतो. २०२३ च्या जुलैमध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको गाड्यांचा रिकॉल निघाला. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या स्टिअरिंगचा टाय रॉड तुटण्याची शक्यता होती. ईको ही आपल्याकडे वडापला, लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शाळेच्या मुलांना चालणारी गाडी. तिच्यात एका वेळी किती जीव बसतात हे सांगायला नको.

पाण्याचा दोष की कंपनीचा?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. ज्या वाशिष्ठीने चिपळूण पाण्याखाली घेतले तीच पुढे दाभोळला समुद्राला मिळते. त्या पुरात शेकडो गाड्या बुडाल्या. त्यानंतर सहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या त्या गाड्या. दोष होता मोटर जनरेटर युनिटमध्ये. भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरपासून सुरू होणार होते. तोपर्यंत गाडी साचलेल्या पाण्यातून नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना कंपनीने दिली होती. सप्टेंबरमध्ये कोकणात पाऊस असतोच. ज्या घरात हा निरोप पोहोचला नाही, तिथे त्या दिवसांतही गाडी पाण्यातून गेली असेल आणि अंगणात पाइप लावून धुतलीही गेली असेल.

मात्र इंजिन बंद पडले की दोष कंपनीचाच, असे धरून चालू नये. साचलेल्या पाण्यातून जाताना एअर फिल्टरच्या वाटेने पाणी इंजिनात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होते. ही कंपनीची चूक नव्हे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करणे हा तर मोठ्या खर्चाला आवतण देण्याचा प्रकार. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला दाखवावी. साध्या विमा पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेले आतले नुकसान बहुधा धरलेले नसते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड घ्यावी लागते. कोकणात राहणाऱ्याने पॉलिसी घेताना हे विचारून घ्यावे.

दमट हवेतली एअरबॅग

जपानच्या टकाटा कंपनीचे एअरबॅग हे जगातले सर्वांत मोठे रिकॉल प्रकरण. एअरबॅग फुगवण्यासाठी टकाटाने अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले होते. वर्षानुवर्षे उष्ण आणि दमट हवेत राहिले की ते बिघडते. मग अपघाताच्या वेळी फुगवण्याची डबीच फुटते आणि तिचे धातूचे तुकडे गाडीत बसलेल्यांच्या अंगात घुसतात. २०१४ च्या जुलैमध्ये मलेशियात होंडा सिटी चालवणारी एक गरोदर स्त्री अशाच तुकड्याने गेली. तिचे बाळही वाचले नाही. जगभरातील मृतांची संख्या तिसाच्या पुढे गेली. २०१७ मध्ये टकाटाचे दिवाळे निघाले.

होंडाने भारतातही यासाठी अनेकदा गाड्या बोलावल्या. २०१७ च्या जानेवारीत २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या होत्या, त्यांत जॅझ, सिटी, सिव्हिक आणि अकॉर्ड होत्या. मुंबईहून कोकणात येणाऱ्या जुन्या गाड्यांत अशा गाड्या असतात, आणि आपली हवा मलेशियासारखीच दमट आहे. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात. एअरबॅगचा रिकॉल पूर्ण झाला का, हेही त्याच वेळी विचारायला हवे.

आपली तक्रार कुठे जाते?

निरोप आपल्यापर्यंत पोहोचत नाही, तशी आपली तक्रारही कंपनीपर्यंत पोहोचत नाही. इंजिन तिसऱ्यांदा गरम झाले, गाडी चढावर दम टाकते, ब्रेक लागत नाही. हे सगळे आपण गॅरेजवाल्याला सांगतो, चहाच्या टपरीवर सांगतो, शेजाऱ्याला सांगतो. लिहून मात्र कुठेच देत नाही.

लिहिलेल्या तक्रारीने काय होते ते अमेरिकेत दिसले. तिथे ह्युंदाईच्या काही गाड्यांची इंजिने चालता चालता जाम होऊ लागली. इंजिन बनवताना धातूचा कीस आत राहून गेला होता आणि तो बेअरिंगकडे जाणारे ऑइल अडवत होता. २०१५ मध्ये पहिला रिकॉल सुमारे पावणेपाच लाख गाड्यांचा झाला. पण कंपनी पुरेशा गाड्या बोलावत नाही, अशी तक्रार कंपनीचेच इंजिनिअर किम ग्वांग-हो यांनी २०१६ मध्ये कागदपत्रांसह सरकारकडे नेली. पुढे रिकॉल वाढत गेले, कंपनीला दंड झाला आणि २०२१ मध्ये किम यांना २.४ कोटी डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले.

भारतात बरीच वर्षे यासाठी कायदाच नव्हता. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेतानाच एक नवी नॅनो पेटली. त्या वर्षअखेर टाटा कंपनीने नॅनोमध्ये जादा सुरक्षा भाग फुकट बसवून दिले, पण याला रिकॉल म्हणू नका असेही सांगितले. २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याची नियमावली केली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता ठरावीक संख्येने मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, किंवा चाचणी संस्थेने अहवाल दिला, तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा हुकूम देऊ शकते. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. गाडी सात वर्षांच्या आतली असावी लागते.

यात महत्त्वाचा शब्द ‘संख्या’ हा आहे. टपरीवरची तक्रार त्या संख्येत धरली जात नाही.

न्यायालये काय म्हणतात?

दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये क्रेटा घेतली. २०१७ च्या अपघातात तिच्या पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असे कंपनीचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये ते मानले नाही. वेग आणि बलाचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असणे हे ग्राहकाचे काम नाही, अशा आशयाचे मत देत भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला.

दुसरा निकाल शेजारच्या गोव्याच्या ग्राहकाचा. २०११ सालची गाडी म्हणून पैसे घेतले आणि २००९ ची गाडी हातात दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण फसवणुकीत कंपनीचा हात सिद्ध झाला नाही. जबाबदार ठरला तो डीलर. म्हणून तक्रार करताना दोष कारखान्यातला की विक्रेत्याचा, हे आधी वेगळे करून घ्यावे.

आपण काय करावे?

१. आरसी बुक तपासा. जुनी गाडी घेतली असेल तर नाव लवकर बदलून घ्या. कायद्याने विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. मोबाईल नंबर गावात चालू असलेला द्या. आखातातला भाऊ वर्षातून एकदा जे सिम कार्ड घालतो, तो नंबर नको.

२. आरसीवर सतरा अक्षरे-आकड्यांचा चॅसी नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर घालून किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून रिकॉल बाकी आहे का ते विचारा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, हे करावे.

३. सर्व्हिसिंगला गाडी दिली की तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहायला लावा. त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत, आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवा. ‘बघतो, करून टाकतो’ हा पुरावा होत नाही.

४. सुरक्षेचा दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर रिकॉलची तक्रार नोंदवा.

५. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानेही काम झाले नाही तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी पुण्याला घेतली असली तरी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही.

आखातात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. सौदी अरबच्या वाणिज्य मंत्रालयाची रिकॉलसाठी स्वतंत्र वेबसाइट आहे. तिथे गाडीचा नंबर तपासणाऱ्यांनी दाभोळला उभ्या असलेल्या आपल्या गाडीचाही नंबर तपासावा.

आणि एक गोष्ट विकणाऱ्याची. मालातला ऐब झाकून विकू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ओले धान्य ढिगाच्या खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी टोकल्याचा प्रसंग मुलांनाही माहीत असतो. गाडी विकताना कंपनीचा रिकॉलचा मेसेज आपल्या मोबाईलवर पडून असेल आणि आपण गप्प राहिलो, तर वेगळे काय केले? तो मेसेज घेणाऱ्याला पाठवून द्यावा. गाडी विकून वर्ष झाले असेल आणि मेसेज आज आला, तरी पाठवावा. गाडी आपली राहिली नसली, तरी निरोप ही अमानतच आहे.

हा अंक वाचून झाला की नववी-दहावीतल्या मुला-मुलींच्या हाती आरसी बुक द्या आणि चॅसी नंबर तपासायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे. आपली गाडी झाली की त्यांना मोहल्ल्यातल्या आजी-आजोबांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्याही तपासू द्या. त्यांचे मुलगे कुवेतला किंवा कतारला असतात, आणि कंपनीचा मेसेज त्यांना वाचून दाखवायला घरात कोणी नसते.