'इज' आणि 'वॉज' यांच्या मधली दोन वर्षं

'दोन वर्षांपूर्वी मीनाने फोन करून सांगितलं, की ती गरोदर आहे.' या वाक्यात काही खटकलं? नाही ना! घटना जुनी, 'आहे' वर्तमानकाळातलं, तरी गोंधळ नाही. ऐकणारा अलगद त्या फोनच्या दिवसात जाऊन बसतो.

आता हेच इंग्रजीत म्हणून बघा : 'टू इयर्स अगो मीना सेड शी इज प्रेग्नंट.' ऐकणारा दचकेल. दोन वर्षं झाली, अजून बाळंतीण झाली नाही? कारण त्या एवढ्याशा 'इज'ला दोन ठिकाणी खरं ठरावं लागतं. मीना बोलली तेव्हा ती गरोदर हवी आणि आज आपण हे सांगतोय तेव्हाही! म्हणून तिथे 'वॉज' हवं.

शाळेत आपण 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड' असं घोकलं, मार्क मिळवले आणि विसरलो. पण यामागची करामत बघा. इंग्रजीत गोष्ट सांगणारा सहसा स्वतःचा 'आज' सोडत नाही. खिडकीतून रस्ता पाहावा, तसा तो तिथूनच सगळं पाहतो. मीनाचं बोलणं मागे पडलेलं, तिची अवस्था मागे पडलेली. आणि तिचा भविष्यकाळ? तोही मागेच! 'शी सेड शी वुड कम.' येणं तिच्यापुढे होतं, आपल्यामागे आहे. 'वुड' या एका शब्दात दोन्ही मावलं.

मग 'काळ एकसारखा ठेवा' म्हणजे सगळी क्रियापदं एकाच साच्यात कोंबायची का? मुळीच नाही. 'गॅलिलिओ सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज' हे अगदी बरोबर, कारण पृथ्वी आजही फिरतेच आहे. ठेच लागते ती 'ही ओपन्ड द डोअर अँड सीज अ डॉग' इथे. दार उघडलं काल, कुत्रा दिसतोय आत्ता! सांगणाऱ्याने वाक्याच्या मध्येच, काही कारण नसताना जागा बदलली.

कारण असेल, तर मात्र अख्खी कादंबरी दोन काळांत लिहिता येते. चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' १८५२-५३मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिला निवेदक दोन. एक निनावी, वर्तमानकाळात बोलणारा, लंडनभर फिरणारा; दुसरी एस्थर समर्सन, स्वतःची हकिगत भूतकाळात सांगणारी. प्रकरणं आलटून पालटून येतात, शेकडो पानं काळ बदलत राहतो, आणि वाचक अडखळत नाही. नाव वाचण्याआधीच, पहिल्या दोन-तीन क्रियापदांवरून त्याला कळतं, की आता एस्थर बोलते आहे.