उपवासाचा रस : कच्चा की तापविलेला?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसले, की देवघरातील अखंड दीपाबरोबर स्वयंपाकघराची वहिवाटही बदलते. कोणाचे धान्यफराळाचे व्रत असते, कोणाचा केवळ बसता-उठता उपवास, तर काही माउली नऊही दिवस फळे व दूध यांपलीकडे कशास शिवत नाहीत. पावसाळा सरून आश्विनाचे ऊन तापू लागलेले असते आणि अंगात शक्ती राहावी म्हणून दुपारी पेलाभर फळांचा रस घेण्याचा प्रघात आता बहुतेक घरांत रुजला आहे. पूर्वी हा रस घरीच निघे. मराठवाड्यातील मोसंबी याच सुमारास बाजारात येते. अलीकडे मात्र बाटलीतला रस घरात आला आहे आणि त्याबरोबर एक वादही आला आहे. दुकानाच्या थंड कपाटातील ‘कोल्ड प्रेस्ड’ रस, म्हणजे उष्णता न लावता केवळ दाबाने काढलेला रस, हाच ‘जिवंत’ आणि म्हणून सात्त्विक; खोक्यातील पाश्चरीकृत, म्हणजे तापवून जंतुरहित केलेला रस मृतवत, असे विकणारे सांगतात. श्रद्धाळू गृहिणीच्या मनात हे बोल चटकन ठसतात, म्हणून ते जरा पारखून घेतलेले बरे.

मुळात दाबून रस काढणे ही काही नवी विद्या नव्हे. आयुर्वेदाने औषधी कल्पनांत पहिले स्थान ‘स्वरसा’ला दिले आहे, आणि स्वरस म्हणजे अग्नीचा संस्कार न करता यंत्राने पिळून काढलेला रस, अशीच चरकसंहितेची व्याख्या आहे. रसवंतिगृहात घुंगरांच्या तालावर फिरणारा चरक हे आपले जुने शीतदाबाचे यंत्रच होय. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्रात रसात हवा अधिक मिसळते. दाबयंत्रात ती कमी मिसळते, म्हणून रसाचा रंग व स्वाद अधिक काळ टिकतो. हा त्याचा खरा गुण आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

पाश्चरीकरणात रस साधारण ७० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्याने ताज्या फळाचा सुगंध काहीसा उडतो, हे कोणाही चोखंदळ जिभेला कळते. क जीवनसत्त्वही थोडे घटते. पण त्याचा मोठा शत्रू ही काही सेकंदांची उष्णता नसून हवा आणि साठवणीचे दिवस हे आहेत. संत्र्याच्या १०० मिलिलिटर ताज्या रसात सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला ६५ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. तेव्हा पेलाभर रसातून थोडे उणे झाले, तरी उपवास करणारीचे काही बिघडत नाही. राहिली ‘जिवंत एन्झाइम्स’ची गोष्ट. ही विकरे त्या झाडाच्या कामाची असतात. माणसाच्या जठरात गेली की इतर प्रथिनांप्रमाणे त्यांचेही बव्हंशी पचनच होते. त्यासाठी दामदुप्पट मोजावे, असे त्यात काही नाही.

गंमत अशी, की बाजारातील पाश्चरीकृत रसाचा उगम एका धर्मकृत्यातच झालेला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड या गावी टॉमस वेल्श नावाचे दंतवैद्य आपल्या चर्चमध्ये प्रसादविधीची व्यवस्था पाहत. त्या विधीत द्राक्षासव लागे आणि वेल्श तर मद्याचे कडवे विरोधक. द्राक्षाचा रस ठेवावा, तर तो आपोआप आंबून त्याचे मद्य होई. फ्रान्समध्ये पाश्चर यांनी त्याच दशकात मद्य बिघडू नये म्हणून ते तापविण्याची युक्ती शोधली होती. वेल्श यांनी १८६९ साली तीच युक्ती उलट हेतूने वापरली. रसाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात तापवून त्यांनी किण्व मारले आणि रस रसच राहिला. आपल्याकडेही उपवासाला आंबलेला रस कोणी घेणार नाही. तापविलेल्या रसाला मृत म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

किण्वाने चव बिघडते एवढेच. जंतूंचे तसे नाही. १९९६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सफरचंदाच्या न तापविलेल्या रसातून ई. कोलाय या जंतूची एक घातक जात पसरली. कित्येक जण आजारी पडले, काही मुलांची मूत्रपिंडे बिघडली आणि सोळा महिन्यांची एक बालिका दगावली. आंबट रसात असे जंतू तग धरत नाहीत, असा तोवर समज होता. तो या घटनेने पार पुसला गेला. पुढे १९९८ साली तेथील सरकारने अशा रसाच्या बाटलीवर, लहान मुले, वृद्ध व दुर्बल प्रकृतीची माणसे यांना धोका असल्याचा इशारा छापणे सक्तीचे केले.

आपल्या पूर्वाचार्यांची नजर याबाबतीत किती सूक्ष्म होती, ते पाहण्याजोगे आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त उसाचा दातांनी चोखलेला रस आणि यंत्राने काढलेला रस यांत भेद केला आहे. यंत्रात मूळ, शेंडा व किडीने खाल्लेला भाग एकत्र चिरडला जातो, मळ मिसळतो आणि रस काही काळ ठेवला जातो. म्हणून तो विकार पावतो, असे तो सांगतो. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारीना राज्यात उसाबरोबर रोगवाहक किडे चिरडले जाऊन रस पिणाऱ्यांना शागास नावाचा रोग जडला, तेव्हा वाग्भटाचेच म्हणणे आधुनिक वैद्यांना निराळ्या शब्दांत मांडावे लागले. हा रोग आपल्याकडचा नव्हे. पण ‘काय चिरडले’ आणि ‘किती वेळ ठेवले’ हे दोन प्रश्न कोपऱ्यावरच्या चरकालाही लागू आहेत. (बर्फाचा प्रश्न तिसरा. खाण्यास अयोग्य बर्फ निळा असावा, असे बंधन महाराष्ट्रात २०१८ साली घातले गेले, ते ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता यावे म्हणूनच.)

सात्त्विकतेचा मुद्दा काढायचाच, तर गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘यातयाम’ अन्न तामस मानले आहे, आणि तयार होऊन प्रहर उलटलेले अन्न असा त्याचा एक अर्थ टीकाकार करतात. मग तीन दिवसांपूर्वी काढून थंड कपाटात ठेवलेला कच्चा रस सात्त्विक कसा ठरावा? कच्चेपणा आणि ताजेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरांत हा विवेक पूर्वीपासून आहेच. देवाच्या अभिषेकाला निरसे दूध लागते. पण तेच दूध मुलांच्या पेल्यात जाताना आई ते उतू येईपर्यंत तापविते. त्याने दुधाचे पावित्र्य उणावते, असे कोणा आजीने आजवर म्हटलेले नाही.

घरच्या घरी करावयाचे, तर मोसंबी किंवा संत्री सोलण्यापूर्वी सालीसकट स्वच्छ धुवावी, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात. हात, सुरी, रसयंत्र व गाळणी धुऊन कोरडी असावी. पाणी लागलेच, तर उकळून गार केलेले घ्यावे. मोसंबीचा रस ठेवून दिल्यास कडवट होतो, हे गृहिणींना ठाऊक आहेच. रसाच्या आंबटपणात लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होते, म्हणून असे घडते. दुपारचा रस सकाळी काढून ठेवू नये, असे जणू मोसंबीच सांगते. असा रस निरोगी माणसासाठी कोणत्याही बाटलीपेक्षा सरस, हे माझे स्पष्ट मत आहे.

बाटलीच आणावयाची झाली, तर मुदत पाहावी. दोन-चार दिवसांची मुदत असेल, तर तो बहुधा खराखुरा कच्चा रस समजावा. कित्येक आठवड्यांची असेल, तर त्या रसावर बाटलीतच हवेच्या दाबाच्या काही हजार पटींचा दाब देऊन जंतू मारलेले असण्याचा संभव आहे. तो न तापविलेला खरा, पण संस्कार झालेलाच. दोन्ही सतत थंडच ठेवावे लागतात. खोक्यावर ‘फ्रूट ड्रिंक’ असे लिहिले असेल, तर त्यात रस थोडा आणि साखर-पाणी फार, हे ओळखावे. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयावरील ‘शंभर टक्के रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला, तोही याच लपंडावामुळे.

घरात गर्भवती सून, वर्षा-दोन वर्षांचे मूल, वयोवृद्ध सासूबाई किंवा नुकतेच दुखण्यातून उठलेले कोणी असेल, तर त्यांना विकतचा कच्चा रस देऊ नये. पाश्चरीकृत रस द्यावा, किंवा डोळ्यांदेखत फोडलेले शहाळे. मधुमेह असणाऱ्यांनी तर रस कोणताही असो, रिकाम्या पोटी तो टाळावा. पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. चोथा मागे राहतो आणि साखर तेवढी पोटात जाते. त्यांनी एखादे मोसंबे सोलून फोडीच खाव्यात, आणि औषधे चालू असताना उपवास धरावा की नाही, हे घट बसण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.