कोलूच्या पायऱ्यांवर रंगांची आरास

शारदीय नवरात्र आले की चेन्नईतील घराघरांत ‘कोलू’ मांडला जातो. तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या उभारून, त्यांवर शुभ्र वस्त्र अंथरून बाहुल्यांची रचना केली जाते. कलश, ‘मरप्पाची’ हे लाकडी जोडपे, देवदेवता, साधुसंत आणि खालच्या पायऱ्यांवर वाणी-भाजीवाल्यांचा बाजार! मयलापूरच्या कपालीश्वर मंदिरालगतच्या माडा वीथींमध्ये या दिवसांत बाहुल्यांचा बाजार फुलतो. चैत्रगौरीची आरास पाहिलेल्या मराठी माणसाला हा सोहळा परका वाटत नाही. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये लयास गेले. तथापि त्या परंपरेतील मराठी कुटुंबांनी कोलूही आपलासा केला आहे.

आरास म्हटली की रोषणाई आलीच. समईच्या जोडीला आलेल्या विजेच्या दिव्यांच्या माळांची जागा आता रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांनी घेतली आहे. मात्र कोलूतील अनेक बाहुल्या माती वा कागदाच्या लगद्याच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. म्हणूनच या पट्ट्यांची मांडणी विचारपूर्वक करणे अगत्याचे ठरते.

रंग बदलतो कसा?

पट्टीवरील प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म प्रकाशस्रोत असतात. यांपैकी कार्यक्षम निळा एलईडी सर्वांत उशिरा साध्य झाला. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कंट्रोलर हे तिन्ही स्रोत अतिशय वेगाने चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ जितका अधिक, तितका तो रंग डोळ्यांना गडद भासतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या धरल्यास सुमारे १ कोटी ६७ लाख छटा संभवतात.

पट्ट्यांचे मुख्य प्रकार दोन. साध्या पट्टीत सर्व दिवे एकाच वेळी एकच रंग धारण करतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक दिव्याला स्वतंत्र आज्ञा देता येते, त्यामुळे धावत्या रंगांचे देखावे साधतात. कोलूसाठी साधी पट्टी पुरेशी होते. माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ असून तेथे हे साहित्य मिळते.

खरेदीपूर्वी हिशेब

सात पायऱ्या आणि प्रत्येकीची रुंदी दीड मीटर धरल्यास साडेदहा मीटर पट्टी लागते. मीटरला ६० दिवे असलेली १२ व्होल्टची प्रचलित पट्टी पूर्ण प्रकाशात मीटरमागे सुमारे १४.४ वॅट वीज घेते. एकूण भार सुमारे १५१ वॅट, म्हणजेच १२.६ अँपिअर झाला. अ‍ॅडॅप्टर नेहमी सव्वापट क्षमतेचा घ्यावा. येथे २०० वॅटचा योग्य ठरेल. पट्टीसोबत मिळणारा छोटा कंट्रोलर बहुधा एका गुंडाळीपुरताच असतो, हे ध्यानात घेऊन त्याचीही क्षमता पाहूनच निवड करावी. अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह असल्याची खात्री करावी आणि पावती जपून ठेवावी.

मांडणी

पाच मीटरच्या एका गुंडाळीतून दीड मीटरचे तीन तुकडे निघतात. साधी पट्टी दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे पाच सेंटीमीटरवर आखलेल्या खुणेवरच कापावी. अन्यत्र कापल्यास तेवढा भाग निकामी होतो. पट्टी पायरीच्या पुढील कडेच्या खालच्या अंगास चिकटवावी. त्यामुळे प्रकाश खालच्या पायरीवरील बाहुल्यांवर पडतो आणि दिवे मात्र दृष्टीआड राहतात.

सातही तुकडे एकामागून एक जोडण्याचा मोह टाळावा. तांब्याच्या पातळ पट्टीतून वीज लांबवर जाताना दाब घटतो. निळ्या व हिरव्या स्रोतांना तांबड्यापेक्षा अधिक दाब लागत असल्याने तेच आधी मंदावतात आणि शेवटच्या पायरीवरील पांढरा प्रकाश तांबूस दिसू लागतो. याकरिता कंट्रोलरपासून प्रत्येक पायरीला स्वतंत्र वायर न्यावी. कायम चिकटवण्यापूर्वी सर्व जोडणी एकदा तपासावी. मात्र पट्टी गुंडाळलेली असताना फार वेळ चालू ठेवू नये, ती तापते.

सुरक्षितता

१२ व्होल्टचा दाब स्पर्शास धोकादायक नसला, तरी अ‍ॅडॅप्टरकडे येणारी वीज २३० व्होल्टची असते. शिवाय सैल जोडणी तापून कापड पेटण्याचा संभव असतो. पायऱ्यांवरील वस्त्रामागे अ‍ॅडॅप्टर लपवण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक होय. तो मोकळ्या हवेत, कापडापासून व समईच्या तेलापासून दूर ठेवावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा.

हीच पट्टी पुढे दिवाळीत वा कार्तिगै दीपमच्या वेळी गच्चीवर लावायची असेल, तर एक गोष्ट विसरू नये. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच येतो. उघड्यावर किमान आयपी ६५ दर्जाची पट्टी वापरावी. कापलेली टोके सिलिकॉनने बंद करावीत आणि अ‍ॅडॅप्टर घरातच ठेवावा.

खर्च आणि औचित्य

रोज चार तास याप्रमाणे नऊ रात्री हा संपूर्ण कोलू पूर्ण प्रकाशात उजळला, तरी सुमारे साडेपाच युनिट वीज पट्ट्यांना लागते. एकच रंग ठेवल्यास ती साधारण एक तृतीयांशावर येते. झगमगाटापेक्षा संथ बदल अधिक शोभून दिसतो. हळदी-कुंकवाला व सुंडलच्या प्रसादाला पाहुणे आले असता एखादा स्थिर, सौम्य रंग ठेवावा, म्हणजे बाहुल्यांचे मूळ रंगकाम उठून दिसते.

विजयादशमीच्या रात्री कोलूतील एक बाहुली निजवून सोहळ्याची सांगता करण्याची प्रथा आहे. त्यानंतर पट्ट्या न दुमडता मोठ्या वळणांत गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवाव्यात. बाहुल्यांप्रमाणेच त्यांचीही निगा राखली, तर पुढील नवरात्रातही त्या तितक्याच तेजाने उजळतील.