सभासदांची यादी डेटाबेसमध्ये घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या अनेक गृहनिर्माण संस्थांचे ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांतले सभासदांचे तपशील आणि देखभाल खर्चाचे हिशेब आता संगणकावर आले आहेत. एक्सेलमधली यादी सीएसव्ही फाइल करून डेटाबेसमध्ये घेतात. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की याच नोंदी पुन्हा पुन्हा काढल्या जातात. म्हणून त्या नीट उतरायला हव्यात.

गैरसमज : सीएसव्ही म्हणजे एक्सेलचीच फाइल.
वस्तुस्थिती : ती साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल आहे आणि नोटपॅडमध्येही उघडते. कुठल्या रकान्यात आकडा आहे आणि कुठल्या रकान्यात तारीख, हे ती सांगत नाही. एक्सेलमध्ये थेट उघडली की एक्सेल अंदाज बांधते. चेक क्रमांक ००४५१२ चा ४५१२ होतो, फ्लॅट ३-१२ ची ३ डिसेंबर होते, लांब खाते क्रमांकातले पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात. तशीच सेव्ह केली तर त्या फाइलमधली मूळ माहिती गेलीच. असे रकाने आयात करतानाच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत.

गैरसमज : स्वल्पविराम आला की रकाना संपला.
वस्तुस्थिती : पत्त्यात स्वल्पविराम असतो, १,२५,००० या रकमेतही असतो. दुहेरी अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम मजकुराचाच भाग मानावा, हा संकेत २००५ च्या आरएफसी ४१८० या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेला आहे. रकाने वेगळे करणारे चिन्ह दुसरेही असू शकते. म्युच्युअल फंडांची संघटना अ‍ॅम्फी रोजच्या एनएव्हीची (निव्वळ मालमत्ता मूल्याची) टेक्स्ट फाइल देते, तिच्यात अर्धविराम असतो.

गैरसमज : मराठी नावे विचित्र दिसली, म्हणजे फाइल खराब झाली.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा फाइल यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत असते आणि प्रोग्रॅम ती दुसऱ्याच प्रणालीने वाचतो. आयात करताना यूटीएफ-८ निवडले की नावे नीट दिसतात. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

गैरसमज : चूक दाखवणारा संदेश आला नाही, म्हणजे सगळे बरोबर.
वस्तुस्थिती : ०३/०४/२०२४ ही आपली ३ एप्रिल अमेरिकी पद्धतीत ४ मार्च ठरते, आणि प्रोग्रॅम ती विनातक्रार स्वीकारतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचा ‘कॉपी’ आदेश एरवी एका चुकीच्या ओळीवर सगळी आयात रद्द करतो, ते त्यामानाने बरे. गप्प राहून झालेली चूक अधिक घातक. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कोविड चाचण्यांची सीएसव्हीतली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती. तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची. परिणामी १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत वापरा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. आयातीनंतर ओळींची संख्या आणि थकबाकीची बेरीज दोन्हीकडे जुळते का, ते पाहा. जुळली तरी दहा-वीस नोंदी रजिस्टरशी ताडून बघा, आणि मगच जुनी यादी बाजूला ठेवा.