तीन हुकमी माणसं एकदम गेली तर? ओकलंडच्या २००१च्या हिवाळ्यातली खरेदी

मागच्या व्हिडिओत ओकलंडचं नाव घेतलं आणि वेळ संपत आली म्हणून घाईत पुढे गेलो. आज नीट लिहून देतो.

बेसबॉल कळत नसेल तरी चालेल. ऑक्टोबरच्या शेवटाकडे सीझन संपला की हिवाळाभर अमेरिकेतल्या टीम्सची खरेदी चालते. करार संपलेले खेळाडू मोकळे होतात, त्यांना कोणीही घेऊ शकतं. बाकीच्यांची अदलाबदल होते, तिला ट्रेड म्हणतात.

२००१ला ओकलंड ए'जने १०२ मॅचेस जिंकल्या. मग तीन माणसं गेली. जेसन जियांबीला यांकीजने सात वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले. जॉनी डेमन बोस्टनला गेला. शेवटची ओव्हर टाकावी तसा शेवटचा डाव राखणारा क्लोजर जेसन इझरिंगहाउझन सेंट लुईसला गेला. ओकलंडचं पगाराचं बजेट वर्षाला सुमारे ४ कोटी, यांकीजचं त्याच्या तिप्पट. थांबवणार कसं?

माझ्या दुकानातून जुना सेल्समन गेला तेव्हा मी पाच महिने "अगदी तसाच" माणूस शोधत बसलो होतो. तो काउंटर सांभाळायचा, स्टॉक बघायचा आणि गोड बोलून उधारीही काढायचा. तसा मिळाला नाही, आणि तोपर्यंत उधारी अडकली ती अडकलीच.

ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीन याने तसा माणूस शोधलाच नाही. त्याने आधी विचारलं, जियांबी नेमकं काय करत होता? षटकार लांब जायचे हे खरं, पण मोठी गोष्ट म्हणजे तो आउट व्हायचा नाही. बेसबॉलमध्ये नऊ डावांत टीमला २७ आउट मिळतात, तेच भांडवल. बॅटर फटका मारून पहिल्या बेसवर जातो, तसाच चार वाईट चेंडू सोडून चालतही जातो. बाजार पैसे देत होता फटक्याचे. चेंडू सोडणाऱ्याला भाव नव्हता. आता डेमन बघा. नाव मोठं, पळायचा सुंदर, पण त्या वर्षी बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण .३२४, म्हणजे लीगच्या सरासरीपेक्षाही किंचित कमी! पाटी महाग होती, माल साधारण.

मग खरेदी झाली. स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर, कोपराची नस गेल्यामुळे त्याला नीट फेकता येत नव्हतं. कॅचर म्हणून तो संपला असं सगळ्यांनी धरलं. ओकलंडने त्याला सुमारे ९ लाख डॉलरमध्ये घेतलं आणि पहिल्या बेसवर उभं केलं, कारण तिथे फेकायचं काम कमी. ती जागा त्याला कोच रॉन वॉशिंग्टनने शिकवली. २००२मध्ये त्याचं प्रमाण .३७४ आलं. डेव्हिड जस्टिस पस्तिशीचा, गुडघे थकलेले, पण नजर शाबूत. तो ट्रेडमधून आला.

क्लोजरचं मात्र फुकट झालं नाही. टोरांटोकडून बिली कॉक आणला, त्याने ४४ मॅचेस राखल्या. बदल्यात एरिक हिन्स्के द्यावा लागला आणि तोच त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. शिवाय गेलेल्या माणसांच्या बदल्यात नियमाने नवे खेळाडू निवडायच्या जादा संधी मिळाल्या. डेमन गेला त्या संधीतून निक स्विशर आला.

२००२मध्ये ओकलंडने १०३ मॅचेस जिंकल्या, सलग २० सुद्धा. विसाव्या मॅचमध्ये ११-० पुढे असून बरोबरीत आले, आणि जिंकून दिलं कोणी? हॅटेबर्गच्या होमरनने. नंतर प्लेऑफमध्ये मिनेसोटाकडून हरले.

आता एक प्रामाणिक गोष्ट. 'मनीबॉल' सिनेमा बघून वाटतं की सगळं हॅटेबर्गने केलं. हडसन, मल्डर, झिटो हे तीन तरुण पिचर त्यांच्याकडे आधीच कमी पगारात बांधलेले होते. झिटोला त्या वर्षी साय यंग पुरस्कार मिळाला आणि तेहादा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाया शाबूत होता म्हणून तीन खिडक्या बदलता आल्या. तुमच्याकडे पायाच हलत असेल तर आधी तिकडे बघा.

आणि प्लॅनही दगडावरची रेघ नव्हता. जियांबीच्या जागेसाठी जानेवारीत टेक्सासकडून आणलेला कार्लोस पेन्या जुलैत डेट्रॉइटला गेलासुद्धा, त्या व्यवहारात टेड लिली हा पिचर आला. सहा महिनेही झाले नव्हते.