मांजराच्या पिल्लाचे पोट वारंवार बिघडते? औषध बदलण्याआधी विष्ठा तपासा

सोयाबीन, तुरीची पोती घरात आली की उंदीर येतात आणि उंदरांसाठी मांजर पाळले जाते. रिसोड-मालेगावपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंत वाशिम जिल्ह्यातील शेतकरी घरांना हे नवीन नाही. अलीकडे त्यात मोठ्या शहरांतून विकत आणलेल्या लांब केसांच्या पर्शियन पिल्लांची भर पडली आहे. दोन्ही प्रकारच्या घरांत एक तक्रार मात्र सारखीच ऐकू येते. पिल्लू खेळते, खाते, पण त्याला पातळ शी होते. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. मग कोणी जंताची गोळी देते, कोणी माणसांचे जुलाबाचे औषध, कोणी नुसता दूध-भात. महिना निघून जातो आणि पिल्लाचे वजन तेवढेच राहते.

तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले किंवा थांबून थांबून उलटणारे जुलाब पशुवैद्यक जुनाट समजतात. अशा जुलाबांची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. त्यामुळे अंदाजाने औषधे बदलत राहणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत हळू उपाय ठरतो.

सुरुवात दुधापासून

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींतही आहे. पण आईचे दूध सुटल्यावर, म्हणजे साधारण आठ आठवड्यांनंतर, पिल्लाच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगून जुलाब होतात. सर्वच मांजरांना हा त्रास होत नाही. पण पोट बिघडलेल्या पिल्लाचे गाई-म्हशीचे दूध आठ-दहा दिवस पूर्ण बंद करून पाहण्याला काहीच खर्च येत नाही. पाणी मात्र सतत समोर हवे.

दुसरी सवय उरलेल्या भाजी-वरणाची. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणून फोडणीचे काहीही देऊ नये. काही दिवसांपुरते मीठ-मसाल्याविना उकडलेले, हाड काढलेले कोंबडीचे मांस त्यातील पाण्यासह चालते. पण तो कायमचा आहार नव्हे. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते आणि हाडे वाकतात. नुसत्या पोळी-भातावर ठेवले तर टॉरिन मिळत नाही. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात.

शीमध्ये दडलेले उत्तर

दूध बंद करूनही फरक नसेल तर तपासणी हवी. गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतात आणि पट्टकृमी पिसवांमधून येतात. म्हणून पिसवा न घालवता नुसती गोळी दिली तर पट्टकृमी परत येतात. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत आणि जंताची प्रत्येक गोळी त्यांच्यावर चालत नाही. जिआर्डिया रोजच्या शीत सापडतोच असे नाही. एक तपासणी कोरी आली म्हणून तो नाही असे समजू नये. आठवडाभरात वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावेत.

अनेक मांजरे एकत्र ठेवलेल्या ठिकाणाहून आणलेल्या पिल्लांत ट्रायट्रायकोमोनास हा आणखी एक परजीवी आढळतो. पिल्लू अंगाने ठीक दिसते, पण शीला उग्र वास, शेंबूड आणि कधी ताजे रक्त असते. नेहमीच्या औषधांनी तो जात नाही. त्यासाठी पीसीआर चाचणी लागते, आणि नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो.

शेळ्या-गुरांच्या शेणातील जंतांची अंडी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याखालीच मांजराचीही दिसतात. त्यामुळे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारावे. स्वच्छ डबीत चमचाभर ताजी शी, सोबत तारीख आणि पिल्लाचे वय, एवढे पुरते. पुढच्या तपासण्यांसाठी अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जिल्ह्याला जवळची आहे.

एका वेळी एकच बदल

तपासणीत काहीच न आढळल्यास आहाराची शंका येते. नवा आहार सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवावा आणि मग किमान दोन आठवडे तोच ठेवावा. मध्येच बिस्किट, दूध, दुसरे पाकीट दिले की काहीच कळत नाही. प्रतिजैविकेही आपल्या मनाने देऊ नयेत, कारण ती आतड्यातील उपयोगी जिवाणूंनाही मारतात. दर आठवड्याला किराणा काट्यावर वजन करून वहीत लिहावे. सहा महिन्यांपर्यंतचे निरोगी पिल्लू महिन्याला साधारण 400 ते 500 ग्रॅम वाढते. वजन थांबणे ही शीपेक्षाही मोठी खूण आहे.

माणसांची गोळी नको

पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ते निकामी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. माणसांचे जुलाब थांबवणारे औषधही पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नको.

वाट पाहू नये अशी लक्षणे

जुलाबांसोबत उलट्या, शीत बरेच रक्त, फिकट हिरड्या, थंड पडलेले कान किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विदर्भातील उन्हाळ्यात किलोभर वजनाच्या पिल्लाच्या अंगातील पाणी काही तासांत धोकादायक पातळीला उतरू शकते. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच जागेवर आली नाही, तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. लस न दिलेल्या पिल्लांत पॅनल्यूकोपेनिया हा विषाणू अशाच लक्षणांनी येतो आणि तो जीवघेणा असतो. त्याची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यायची असते. पुढचे डोस 16 आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी.

मांजराचे गोल जंत अंगणातील मातीतून लहान मुलांच्याही पोटात जातात. म्हणून पिल्लाची शी रोज उचलून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्या कोणीतरी करावे. पिल्लाला पशुवैद्यकाने सांगितलेल्या तारखांना, साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत, जंतनाशक मिळत राहिले तर त्याचे पोट आणि घरातील मुले दोघांनाही त्याचा फायदा होतो.